बीपीच्या गोळीत खंड पडू देऊ नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

घरातलं म्हातारं माणूस हिशोबात चुकायला लागलं, पाय घासत चालू लागलं, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण सोडून देतो. सीटी स्कॅनच्या रिपोर्टातही ‘वयानुसार बदल’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातलं बरंचसं वयाचं नसतं, वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या रक्तदाबाचं असतं. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणारं सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागतं. मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सततच्या दाबाने जाड आणि ताठ होतात, आतल्या पांढऱ्या भागाला रक्त अपुरं पडतं. अर्धांगवायूचा झटका न येताही माणूस मंदावत जातो.

हे बऱ्याच अंशी टाळता येतं. चीनमधल्या ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्या गावांत तिथल्याच ग्रामवैद्यांनी, वरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वस्तातल्या गोळ्या देऊन बीपी आटोक्यात ठेवलं. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी आढळला.

आपल्याकडे आशाताई आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडाऱ्यात सुरुवातीपासून आहे. गाडी अडते ती गोळीपाशी. माझी सगळी नोकरी औषधाच्या खिडकीमागे झाली. ‘अ‍ॅम्लोडिपिन संपलंय, पुढच्या आठवड्यात या’ हे मीच कितीदा सांगितलं असेल. बाई एक दिवसाची मजुरी बुडवून आलेली. ती पुन्हा येत नाही. उरलेली पट्टी ‘डोकं दुखलं की घेते’ म्हणून फडताळात जाते. ‘सवय लागते’ म्हणून सोडणारेही आहेतच, पण सरकारनेच खंड पाडल्यावर त्यांना कोणत्या तोंडाने समजवायचं?

तेव्हा मागणी साधी आहे. बीपी स्थिर असलेल्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, उपकेंद्रातच मिळाव्यात. आणि तपासणी किती जणांची झाली हा आकडा मिरवणं पुरे (शिबिरात मोजायला कोणीही मोजतं). नोंदवलेल्यांपैकी किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं, ते तालुकावार दर तिमाहीला जाहीर करा. ज्या तालुक्यात आकडा घसरेल, तिथला गोळ्यांचा साठा आधी तपासा. आशाताईला नोटीस नंतर.

कळावे,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी