मावशीची कॅन अर्धीच भरली

प्रिय दोस्ता,

दिवाळीपासून ना फोन ना मेसेज, चूक माझीच, माफ कर. तब्येत बरीय, आईचे गुडघे तसेच. ते सोड. तुझ्या आईनं, म्हणजे मावशीनं, माझ्या पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर यायचं बंद केलंय, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

झालं असं, गेल्या महिन्यात मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, बदलावं लागलं. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे तुला माहितीय, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमागं 1400 मिलिग्रॅमच्या वर, क्षार बसून बसून मेंब्रेन जाम होतं. त्यात पाणी खाली गेलंय, मोटर जास्त वेळ चालते, लाइटबिल वाढलं. मग दर वाढवला. म्हणजे 5 च्या नाण्याला 20 लिटर यायचं ते 12 वर सेट केलं. पहिल्याच सकाळी मावशी आली, नाणं टाकलं, कॅन अर्ध्याच्या थोडी वर गेली की धार बंद. तिनं मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काहीच न बोलता कॅन उचलून गेली. लाइनीत सगळे बघत होते रे.

दुसऱ्या दिवसापासून तुमच्या गल्लीतलं कुणीच नाही. चौथ्या दिवशी मावशी दिसली लाल पट्टा मारलेल्या, पिऊ नका म्हणून खूण केलेल्या हातपंपावर. तिथलं फ्लोराइड लिटरमागं 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालेलं, लहान पोरांच्या दातावर डाग पडलेत. मी पळतच गेलो. म्हणली, उकळून पितो आम्ही. मी सांगितलं, उकळल्यानं जंतू मरतात मावशी, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतंय. मग मी म्हणलं, तू आपली फुकट घेऊन जात जा. तर म्हणली, "फुकटचं नको बाबा. आडावर वरून ओतलेलं पाणी लई प्यालेय. नाणं टाकून भरताना कुणाचं तोंड बघावं लागत नव्हतं, म्हणून येत होते. आता बाकीच्या बायकांना परवडंना, मी एकटी कशी येऊ?"

रात्रभर झोप नाही. आडाच्या पायरीवर तास तास उभं राहायचं, कुणीतरी येऊन वरून ओतंल तेव्हा घागर भरायची, हे तूच मला लातूरच्या रूमवर सांगितलं होतंस, 2016 च्या उन्हाळ्यात. टाक्यांभोवती 144 कलम लागलेलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि तू एका बादलीत सगळं भागवायचास. (तुझा तांब्या मी चोरला नव्हता, अजून शपथेवर सांगतो, चोरणारा तुझा रूममेट होता.)

प्लांट टाकला तेव्हा तू म्हणलास, पाणी विकणारा झालास, आणि चार महिने बोलला नाहीस. त्या भांडणात मी आजबी माझ्याच जागेवर आहे. आधी शाळेजवळ बसवलेलं ते फुकटचं मशीन आठव, कँडल कुणी बदलायची यावर दोन वर्षांत भंगारात गेलं. नाण्यातून मेंब्रेनचा खर्च निघाला तरच प्लांट दहा वर्षं चालंल. रोज सकाळी गाळणी धुवायला, मीटर लावून टीडीएस बघायला कुणीतरी पोटापाण्याला बांधलेला माणूस पाहिजे. अर्धं पाणी तर रिजेक्टमधी, म्हणजे गाळून उरलेल्या खाऱ्या पाण्यात, जातंय, ते मी शाळेच्या संडासाच्या टाकीला जोडलंय, नाल्यात सोडवत नाही. पण दर असा असला की मावशीच येणार नाही, तर हे सगळं करतोय कुणासाठी?

आता डोक्यात असं आहे, नाण्याला परत 20 लिटर, आणि लग्नातले, हॉटेलातले, घरपोच गार जार 25 चे 35 करायचे. तूट तिथून भरायची. पण लग्नसराई चारच महिने, पावसाळ्यात काय? हिशोबाची वही फोटो काढून पाठवतो, तू बँकेत बसतोस, नीट बघ आणि शिव्या द्यायच्यात तर दे.

तुझं पुण्यातलं घराचं काय झालं? पोरीचं बालवाडीत नाव घातलंस का? वहिनीला नमस्कार सांग.

मशीन उद्या पहाटेच परत 20 वर करतोय, वहीचं नंतर बघू. मावशीला तू फोन करून सांगू नकोस, कळलं की तिला वाटंल तुझ्या शब्दावर केलं. लाइनीतल्या बायकाच गल्लीत सांगतील.

तुझाच
पाणीवाला