हजेरी घेताना हसलो

रविवार, ता. 2 फेब्रुवारी 2025
बेळगाव तालुका, पश्चिम भाग

प्रिय बाळ्या,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा ‘रात्री करतो’ म्हणून ठेवला. ती रात्र अजून उगवायची आहे. शिव्या तयार ठेवल्या असशील, त्या आधी घालून घे आणि मग पुढं वाच. इकडं सगळं बरं. साखर गोळीवर, आईचा गुडघा तेलावर, दात एक पडला.

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू मध्येच ‘सोड की मर्दा’ म्हणाला असतास आणि मी खरंच सोडून दिलं असतं. घरात सांगून बघितलं. ही म्हणाली, ‘एवढंच?’ तिचंही बरोबर आहे. तिला आपल्या वर्गातला तो बसू माहीत नाही.

झालं असं. भात कापून रानं मोकळी झाली की आपल्याकडं वीटभट्ट्या सुरू होतात, तुला नव्यानं सांगायला नको. यंदा आपल्या ओढ्यापलीकडं तीन लागल्यात. माणसं सगळी बागलकोटकडची. डिसेंबरात त्यांची अकरा पोरं मी आमच्या मराठी शाळेत आणली. कन्नड शाळा चार किलोमीटरवर, मधे हमरस्ता, त्यावरनं वाळूचे टिप्पर. आईबाप म्हणाले, जवळ आहे ती शाळा बरी. त्यातला एक चौथीत बसवला. त्या दिवशी कन्नडच्या बाई रजेवर होत्या आणि दाखल्यावर नाव कन्नडमध्ये. पंचवीस वर्षं कर्नाटक सरकारचा पगार खातोय, तरी जोडाक्षर आलं की मी अजून अडखळतो. वाचलं, यम... यम... यमनूरप्पा. तेवढ्यात मागनं एक आवाज आला, ‘सर, रेडा बाहेर बांधलाय काय?’ वर्ग फुटला.

आणि मीही हसलो, बाळ्या. खो खो नव्हे. ओठ दाबून, मान खाली घालून, हजेरीपटात बघत. पण पोरं कुठं हजेरीपट बघतात? ती मास्तराचे ओठ बघतात. मास्तर हसले म्हणजे परवाना मिळाला. दुपारपर्यंत तो ‘यम’ झाला होता, दुसऱ्या दिवशी ‘रेडा’. चार दिवसांनी मी नाव पुकारलं तर तो ‘हजर’ म्हणेना. समोर बसलाय, दिसतोय, पण तोंडातनं शब्द नाही. मी आपली खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. अख्खा डिसेंबर खूण करत गेलो. सरकारदरबारी त्याची हजेरी शंभर टक्के.

दुधाच्या वेळी बघायचास. 2013 पासून शाळेत दूध देतात. पोरं ग्लास घेऊन व्हरांड्यात ओळीनं मांडी घालून बसतात, खांद्याला खांदा, कोणाचं कोणाला लागतं, सांडतं, भांडणं होतात. त्याच्या दोन्ही अंगाला एकेक फरशी मोकळी. कोणी ठरवलेलं नाही, कोणी बोललेलं नाही. मी हातात दुधाचा जग घेऊन उभा आणि माझं लक्ष त्या दोन मोकळ्या फरशांवर.

आता कळलं का पत्र तुलाच का?

तिसरं बाक, बाळ्या. सातवीचा वर्ग, 1986 चा जून. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, गोळीबार, घराघरात सुतक, आणि शाळा भरल्यावर आपल्या बाकावर बसू. त्याचा पोलीस बाप त्या दिवशी नुसता ट्रॅफिकला उभा होता. हे आपल्या दोघांनाही माहीत होतं, कारण तुझ्याच काकांनी त्याला तिथं बघितलं होतं. तरी खाकी ती खाकी. मग ती खडूची रेघ. 1 जूनला हिंडलग्याच्या स्मारकाकडं माणसं जाताना दिसली की मला हुतात्मे आठवतात, आणि त्यांच्या पाठोपाठ बसू, दप्तर मांडीवर घेऊन रेघेच्या पलीकडं अंग चोरून बसलेला. दोन्ही एकदम आठवतात, एक बाजूला सारून दुसरं आठवत नाही. गणपतीनंतर त्यांची बदली झाली आणि आपण सुटलो.

रेघ कोणी ओढली यावर आपण आजवर किती वेळा भांडलोय? तुझ्या लग्नातसुद्धा, मांडवाच्या मागं. तर ऐक, रेघ मी ओढली. खडू तुझा होता, एवढं तरी तू मान.

आणि दुसरंही एक. हुबळीच्या स्टँडवर तुला बसू दिसला आणि तू अर्धा चहा टाकून चालत्या गाडीत चढलास, ते सांगितलंस त्या रात्री मी तुला भित्रा म्हणालो होतो. ते मागं घेतो. का, ते पुढं येईलच.

आधी गावाचं ऐक, नाहीतर माझं डोकं शांत व्हायचं नाही. ही अकरा पोरं धरून शाळेचा पट एक्केचाळीस. ती नसती तर तीस, आणि शिक्षकाची एक जागा हललीच म्हणून समज. म्हणजे गंमत बघ. ‘मराठी शाळा वाचवा’ म्हणून आपण घसा कोरडा करायचा, आपल्या गावची पोरं सकाळी आठला पिवळ्या व्हॅननं इंग्लिश मीडियमला जायची, आणि आपली मराठी शाळा कोण टिकवून धरतंय, तर कानडी बोलणारी वीटभट्टीची पोरं. आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष तुला माहीत आहेत. मुलगी आमच्याकडं सहावीत, मुलगा व्हॅनमध्ये. एकाच उंबऱ्यातनं दोघं बाहेर पडतात, एक चालत, एक गाडीतनं. मी कधी विचारलं नाही. तुझ्या दोन्ही पोरांना तू पुण्यात कुठं घातलंस, तेही मी कधी विचारलं नव्हतं. (एकदा विचारलं होतं. आपण आठ महिने बोललो नव्हतो.)

गाव शाळेत येतं कधी? जानेवारीत, साहित्य संमेलनाच्या ग्रंथदिंडीला लेझीम मागायला. आपल्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, जिथं बघावं तिथं संमेलन, आणि ते व्हावंच, मला त्याचा अभिमान आहे. पण पांढरा शर्ट असलेलीच पोरं मागतात. मंदिराच्या जीर्णोद्धाराला घरटी पट्टी निघाली तेव्हा आठवड्यात पैसे गोळा झाले. शाळेच्या कौलांना तीन पावसाळे झाले. वरनं सूचना येतात, समाजाचा सहभाग वाढवा. ‘समुदायदत्त शाळे’ म्हणून कार्यक्रमच आहे, म्हणजे शाळेनं समाजाकडं जायचं. आम्ही जातो, चार पालक येतात, फोटो निघतो. त्या चौघांतले दोघे आधीच्या फोटोतलेच.

म्हणून यंदा मी डोकं चालवलं. सभेला बायका येत नाहीत, पण हळदीकुंकवाला न बोलावता येतात. संक्रांतीनंतरच्या शनिवारी शाळेतच हळदीकुंकू ठेवलं, वाण म्हणून प्रत्येकीला पोराची वही. पोरानं स्वतः आईला दाखवायची. बाळ्या, सत्तावीस बायका आल्या! व्हॅनवाल्या घरच्यासुद्धा. एक आजी वही उलटी धरून दहा मिनिटं बघत होती आणि नातू तिला चित्रं समजावून सांगत होता. मी खुशीत होतो.

तेवढ्यात फाटकाशी एक बाई दिसली. आत येईना, जाईनाही. पायाला विटेची लाल धूळ, काखेत वर्षाची पोर. भट्टीवर निरोप मीच धाडला होता, पण अकरांतली ती एकटीच आली होती. मी पुढं गेलो, या म्हटलं. तिनं पदराची गाठ सोडली, त्यातनं चिमूटभर काटेरी हलवा माझ्या तळहातावर ठेवला. ते त्याला कुसरेळ्ळु म्हणतात. म्हणाली, ‘एळ्ळु-बेल्ल तगोंडु एळ्ळु-बेल्लदंग इरोणु री, सर.’ तीळगूळ घेऊन तीळगुळासारखं राहूया. आपण नुसतं गोड बोला म्हणतो, ती माणसं तसं राहूया म्हणतात. पोर कुणाचा, विचारलं. तिनं नाव सांगितलं. तिच्या तोंडात ते नाव इतकं सरळ आलं की त्यात यम कुठं ऐकूच आला नाही.

हलवा मी खाल्ला नाही. खिशात ठेवला. सदरा धुवायला गेला तेव्हा हिनं चिकट खिशाबद्दल काय ऐकवलं ते सोड.

सोमवारपासून पोरगा गायब. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मला वाटलं, आईला कळलं. शाळेतनं घरी जाताना भट्टी वाटेतच लागते. दोनदा मी गाडीचा वेग कमी केला आणि दोनदा पुढं गेलो. दुसऱ्यांदा तर डोक्यावरचं हेल्मेट जरा पुढं ओढून घेतलं. पन्नाशीचा हेडमास्तर! तेव्हा मला तुझा हुबळीचा अर्धा चहा आठवला.

गुरुवारी थांबलो. पोरगा थप्पीशी होता. कच्च्या विटा वाळायला आडव्या-उभ्या रचलेल्या, आणि हा एका बाजूनं चालत बोटानं हवेत मोजत जात होता. पाच-पाचचे गठ्ठे कन्नडमध्ये, ओठातल्या ओठात, न थांबता. टोकाला पोचला आणि मुकादमाला आकडा सांगितला. मुकादमानं वहीत लिहिला, पडताळून बघितला नाही. याच पोराला मी ‘गणितात मागे’च्या यादीत घातलंय, कारण मराठीत विचारलं की तो गप्प असतो.

आईला विचारलं, शाळेला का येत नाही? म्हणाली, धाकटी आता चालायला लागली, भट्टीकडं धावते, कुणीतरी धरायला पाहिजे. बस्स. एवढंच कारण. बाळ्या, मला इतकं हलकं वाटलं! आणि लगेच त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. कारण पोराला विचारलं, नाव घेऊन, पूर्ण. तो माझ्याकडं बघत राहिला. हूं नाही की चूं नाही. आईचं कारण आईचं, त्याचं कारण त्याच्यापाशी.

मग मी तिला नावाचं विचारलं. धारवाड जिल्ह्यात नवलगुंदजवळ यमनूर आहे. तिथं दर्गा. मुसलमान त्याला राजाबागसवार म्हणतात, वाघावर बसणारा, आणि हिंदू काय म्हणतात माहीत आहे? चांगदेव! हिच्या पहिल्या दोन पोरी गेल्या, मग यमनूरला नवस बोलली, म्हणून यमनूरप्पा. यमाचा नव्हे, यमाच्या हातनं सोडवून आणलेला. आणि आपल्या विठ्ठल मंदिरात गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीवर काय आहे? जिच्याखाली बसून तू हरिपाठात झोपा काढायचास ती भिंत. वाघावर चांगदेव, हातात साप, आणि समोरनं भिंत चालवत येणारी चार भावंडं. शेजारच्या चौकटीत वेद बोलणारा रेडा. जीर्णोद्धारात नवा रंग दिलाय, वाघ जरा मांजरासारखा झालाय, पण आहे.

मी रात्रभर झोपलो नाही. काल सकाळच्या शाळेनंतर बुवांकडं गेलो, म्हटलं पुढच्या शनिवारी पोरांना मंदिरात आणतो, भिंतीसमोर बसवतो, चांगदेवाची गोष्ट सांगाल का? बुवा खूश. अध्यक्षांना मात्र दुसरी गोष्ट सांगितली. 2009 च्या कायद्यानं समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत, आमच्यात एका बाईची जागा रिकामी आहे, तिथं त्या आईला घेऊया. ते हसले. ‘मास्तर, ती पावसाच्या आधी जाणार.’ मी म्हटलं, तुमचा मुलगा तर रोज आठला जातोय. हे बोलायला नको होतं. आता कौलं आणखी दोन पावसाळे विसरायची.

तुला हे सगळं लिहून मी विचारतोय काय? हेच, की वर्गासमोर ‘मी हसलो ते चुकलं’ म्हणू की नको? म्हटलं तर जे चार जण विसरलेत त्यांनाही आठवेल. नाही म्हटलं तर भिंत, बुवा, चांगदेव हा सगळा मागच्या दारानं केलेला कारभार. हिला विचारलं तर म्हणते, तुम्ही फार विचार करता. तू तसं लिहू नकोस.

तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? धाकटीची बारावी यंदाच ना, तिला म्हणावं काकाचा आशीर्वाद, आणि मराठीच्या पेपरला तरी मराठीत लिही. वहिनींना नमस्कार, कुंदा पाठवतोय, तू खाऊ नकोस. अक्षयतृतीयेनंतर शिवजयंतीच्या चित्ररथांना ये, दोन वर्षं ‘येतो’ म्हणतोयस.

अंगणवाडीच्या ताईंशी बोललोय. धाकटीला ठेवून घेते म्हणाली, खाऊही देते, फक्त सकाळी दहाच्या आत आणा. आई नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. उद्या येतानाच मी भट्टीवर गाडी थांबवणार. पोरीला पुढं टाकीवर बसवायची का मागं तो धरून बसेल, याच्यावर हिचं आणि माझं सकाळपासून चाललंय.

बसूचा नंबर तुझ्याकडं आहे. तू मला कधी सांगितलं नाहीस, पण आहे. पाठव.

तुझा,
मास्तर