बाकीचे 50.7 टक्के कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर नेत्यांच्या लोकप्रियतेचा तक्ता आला. कोण किती टक्के, कोण वर सरकला, कोण घसरला. आमच्या फाट्यावरच्या हॉटेलात तो अंक दुपारपर्यंत हातोहात फिरला, त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली आणि संध्याकाळी तेच पान भज्यांखाली गेले. मी बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवले. टक्केवारी दिसली की माझा हात आधी बेरजेकडे जातो. या तक्त्याची बेरीज शंभर भरत नव्हती, आणि उरलेल्या लोकांचे काय झाले हे पानावर कुठेही नव्हते. एवढ्यासाठीच हे पत्र.

ही खोड मला लागली 13 जून 2023 रोजी. त्या दिवशी राज्यातल्या मोठ्या दैनिकांत पानभर जाहिरात झळकली होती, ‘राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे’. आपल्या वाचकांना आठवत असेल. एका सर्वेक्षणाचा हवाला देऊन त्यात म्हटले होते की मुख्यमंत्री म्हणून 26.1 टक्के लोकांना एकनाथ शिंदे हवेत आणि 23.2 टक्के लोकांना देवेंद्र फडणवीस. दोघांची मिळून 49.3 अशी बेरीजही जाहिरातीनेच करून दिली होती. पुढे जे रामायण घडले ते सगळे फोटोंवरून. फडणवीसांचा फोटो का नाही, बाळासाहेबांचा का नाही. भाजपचे खासदार अनिल बोंडे यांनी बेडूक कितीही फुगला तरी हत्ती होत नाही, असे सुनावले. दुसऱ्या दिवशी राहिलेले फोटो घालून नवी जाहिरात आली. 26 मोठे की 23 मोठे, यावर चॅनेलवाल्यांनी दोन दिवस काढले.

मी त्या जाहिरातीच्या कडेला पेनाने 100 वजा 49.3 मांडले. उत्तर आले 50.7. ज्या सर्वेक्षणाच्या जोरावर पानभर जाहिरात दिली, त्यातल्याच निम्म्याहून जास्त लोकांनी या दोघांपैकी कुणाचेही नाव घेतले नव्हते. बरे, जाहिरात देणाऱ्याने ते लपवलेही नव्हते. त्याने बेरीज छापली, वजाबाकी वाचणाऱ्याने करायची होती. माझ्या सातवीच्या वर्गातल्या पोरांनी केली असती.

दशांश चिन्हाचीही एक गंमत आहे. ‘सव्वीस टक्के’ म्हटले तर माणूस म्हणतो, असेल बुवा. ‘26.1’ म्हटले की त्याला वाटते, कुणीतरी काट्यावर तोललेले दिसते. हजार लोकांना विचारले, तेही नीट निवडून विचारले, तरी उत्तर तीन टक्के इकडे किंवा तिकडे जाऊ शकते. 26.1 आणि 23.2 यांतला फरक 2.9. म्हणजे ज्या फरकावर चॅनेलवाल्यांनी दोन दिवस काढले, तो फरक आहे की नाही हेच अशा नमुन्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

याच्या दोन वर्षे आधी, जुलै 2021 मध्ये, तेरा राज्यांच्या मुख्यमंत्र्यांची अशीच एक क्रमवारी आली होती. त्यात उद्धव ठाकरे पहिले होते, 49 टक्क्यांनी. तेव्हा एकटे 49, नंतर दोघे मिळून 49.3, असा हिशोब आमच्या हॉटेलात एकाने लगेच मांडला होता. तो चूक आहे, कारण प्रश्नच वेगळे होते. एकीकडे ‘मुख्यमंत्री कोण हवा’ असे विचारले होते. दुसरीकडे मुख्यमंत्र्यांचे काम कसे आहे आणि त्यांना पुन्हा मत द्याल का, हे एका दमात विचारले होते. ‘काम चांगले आहे, पण मत देणार नाही’ असाही एक पर्याय त्यात होता. मला तो फार आवडला होता. आपल्याकडे अर्धे गाव त्याच पर्यायात राहते. पण छापताना तो मधला पर्याय गळाला आणि ‘देशात नंबर एक’ एवढेच मथळ्यात उरले. वर्षभरात, जून 2022 मध्ये, ते सरकार गेले. ते मतदारांनी घालवले नाही, आमदारांनी घालवले. आणि त्या आमदारांबद्दल आम्हाला कुणी विचारलेलेही नव्हते.

विचारायला येतात तेव्हा काय होते, तेही सांगतो. ऑक्टोबर 2024. विधानसभेची धामधूम आणि सोयाबीनच्या राशी एकदमच चालू होत्या. गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेला एक मुलगा आमच्या आळीत आला. पोरगा चुणचुणीत होता, सकाळपासून उपाशी होता. शेजारचे काका नुकतेच राशीवरून आलेले, डोक्यावर भुसा तसाच. मुलाने वाचून दाखवले, “तुमच्या आमदारांच्या कामगिरीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? पूर्ण समाधानी, थोडेफार समाधानी, असमाधानी, अजिबात समाधानी नाही?”

काका म्हणाले, “सोयाबीन काय भावानं चाललंय, म्हाईत हाय का तुला?”

“काका, ते पुढच्या प्रश्नात आहे.”

“चार हजार दोनशे. आन् सरकारचा भाव हाय चार हजार आठशे ब्याण्णव. आता हे कोणत्या खान्यात बसतंय ते तूच बघ बाबा.”

“पण काका, हमीभाव तर केंद्र सरकार ठरवतं.”

“मग आमदाराचं मला कशाला इचारतूस?”

मुलगा क्षणभर थांबला आणि टॅबवर बोट टेकवले. मी वाकून पाहिले. ‘सांगता येत नाही’.

संपादक महोदय, त्या दिवशी आमच्या आळीत सर्वांत स्पष्ट जर कुणी काही सांगितले असेल, तर ते या काकांनी. नोंद मात्र सांगता न येणाऱ्यांत झाली. त्यात त्या मुलाची चूक नाही. आमदार विरोधी पक्षाचा, राज्यात सरकार दुसऱ्यांचे आणि भाव ठरतो दिल्लीत. हे तिन्ही एका बोटाने कसे दाबणार? काकूंना विचारले तर त्या पदर सावरत “ह्यांनाच इचारा” म्हणून आत गेल्या. लाडक्या बहिणीचे दीड हजार त्यांच्या खात्यावर येत होते आणि मत कुणाला द्यायचे ते त्यांचे कधीच ठरलेले होते, हे मला निकालानंतर त्यांच्याच तोंडून कळले. पुढच्या घरासमोर एका पक्षाचा तालुक्याचा कार्यकर्ता मोटारसायकल लावून उभा होता. त्या घरातून आलेले उत्तर होते, “लई भारी चाललंय की.” उत्तर देताना घरमालकाची नजर मोटारसायकलवर होती.

माझा मतदारसंघ लातूर ग्रामीण. 2019 मध्ये आमच्याकडे काँग्रेसचे धीरज देशमुख 1 लाख 35 हजारांवर मते घेऊन निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला नोटा! 27 हजारांवर लोकांनी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दाबले. बाहेरच्या लेखकांनी लगेच लिहून टाकले की मतदार राजकारण्यांना विटला. विटला असेलही, पण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होते की युतीत जागा शिवसेनेला सुटली आणि भाजपचे इथले कार्यकर्ते त्यावरून नाराज होते. 2024 मध्ये भाजपचे रमेश कराड उभे राहिले आणि साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. आता त्या 27 हजारांना नेत्यांची नापसंती म्हणायचे की आपला उमेदवार न मिळाल्याचा रुसवा? गुप्त मतदानातल्या ‘कुणीच नाही’चे जिथे असे दोन अर्थ निघतात, तिथे ओट्यावर चार लोकांसमोर दिलेल्या उत्तराचे काय सांगावे.

राज्याच्या पातळीवर निदान माणसे मोजायला पुरेशी असतात. आमदाराला गुण द्यायचे म्हटले की पंचाईत. महाराष्ट्रात मतदारसंघ 288. मोठे म्हणून 20 हजार लोकांचे सर्वेक्षण धरा. वाट्याला येतात मतदारसंघामागे 69 माणसे. एवढ्या नमुन्यात उत्तर बारा टक्के इकडे-तिकडे होते. म्हणजे 50 टक्के लोक खूश आहेत म्हणून ज्या आमदाराचा सत्कार होईल, त्याच्यावर खुशीत असलेले लोक प्रत्यक्षात 38 टक्केही असू शकतात. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ 2011 पासून आमदारांचे प्रगतिपुस्तक काढते. हजेरी, विचारलेले प्रश्न, त्यांचा दर्जा, अंगावरचे गुन्हे. एखाद्याला त्यांचे गुण पटणार नाहीत, पण गुण कशाचे दिले हे तरी ते सांगतात. मंत्री प्रश्न विचारत नाहीत म्हणून त्यांना त्यातून वगळतात, हेही उघड सांगतात. पण मुंबईत मतदारसंघ 36. बाकी 252 ठिकाणच्या आम्ही लोकांनी आमदाराला गुण द्यायचे ते तो किती लग्नांना आणि किती दहाव्यांना आला यावरून. (तसे पाहिले तर आमच्याकडच्या सगळ्याच आमदारांना मेरिट मिळेल.)

सर्वेक्षणे बंद करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. 2024 च्या जूनमध्ये याच महाराष्ट्राने लोकसभेच्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या 288 पैकी 230 च्या वर महायुतीला. मधल्या पाच महिन्यांत लोकांच्या मनात काय काय हलले, हे निकालाचे आकडे सांगत नाहीत. ते लोकांना विचारूनच कळते. म्हणून विचारा. फक्त काय विचारले तेही छापा.

कायदा यात फारशी मदत करत नाही. मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी आहे आणि मतदान संपण्याआधीचे 48 तास टीव्हीसारख्या माध्यमांवर जनमत चाचण्यांनाही. एरवी पाच वर्षे कुणीही उठावे, आकडे काढावेत आणि आपण ते छापावेत. म्हणून हे काम आपल्यासारख्या दैनिकांवरच येते. अशा प्रत्येक तक्त्याखाली एक छोटी चौकट द्यावी, अशी माझी विनंती आहे. पैसे कुणी दिले, किती लोकांना आणि कोणत्या तारखांना विचारले, त्यांत खेड्यातले किती, फोनवर विचारले की घरी जाऊन, आणि प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, एवढे त्यात असावे. पर्याय जितके दिले तितके सगळे छापावेत. आणि ‘सांगता येत नाही’चा आकडा शेवटी बारीक टायपात न ढकलता नेत्यांच्या रांगेतच द्यावा. त्यात आमचे काका आहेत, काकू आहेत. बऱ्याच वेळा तो आकडा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्याला मागे टाकेल. टाकू द्या.

या चौकटीला पानावर जागा नाही, असे आपले संपादकीय सहकारी म्हणतील. तर नेत्यांचे फोटो थोडे लहान करावेत. त्यांवरून भांडण तर तसेही ठरलेलेच असते.

कळावे,
आपला नम्र,
एक सेवानिवृत्त गणित शिक्षक
ता. रेणापूर, जि. लातूर