पाकीट वेगळं, चिठ्ठी तीच

स्टुटगार्ट, २४ जून २०२१

ती. आई-बाबांना सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "दुसऱ्या डोसला कोविशील्ड येत नसेल तर कोवॅक्सिन टोचून घेतो, लस ती लस," आणि मी केवढ्यांदा ओरडले! फोन ठेवल्यावर आधी हसू आलं, मग रडू. कारण तसलाच प्रकार मी स्वतः करून बसलेय.

पहिला डोस ८ मार्चला ॲस्ट्राझेनेकाचा, म्हणजे आपलं कोविशील्डच. बालवाडीत काम करते म्हणून नंबर लवकर लागला होता. दुसरा २ जूनला घेतला, तो बायोनटेकचा, म्हणजे फायझरवाला. तीन आठवडे लपवलं. आई, तुला झोप लागली नसती, म्हणून. (आणि बाबांनी कात्रणांचा गठ्ठाच पाठवला असता, म्हणूनही.)

मनाने काही केलेलं नाही हो. मार्चमध्ये ॲस्ट्राझेनेका घेतलेल्या काही जणांच्या रक्तात गाठी झाल्या. फार थोडे होते, पण त्यात तरुण बायका जास्त. मग इथल्या लसीकरण समितीने १ एप्रिलला सांगितलं, की साठीच्या आतल्या ज्यांनी पहिला डोस ॲस्ट्राझेनेकाचा घेतलाय, त्यांनी बारा आठवड्यांनी दुसरा वेगळा घ्यावा. खुद्द चॅन्सलर मर्केलबाईंनीही तसंच केलं. एप्रिलमध्ये ॲस्ट्राझेनेका, आता मॉडर्ना. परवाच बातमी आली, तेव्हा म्हटलं, आता सांगायला हरकत नाही.

बाबा, तुमचा जन्म टपालखात्यात गेला, तुम्हाला लगेच कळेल. कोविशील्डमध्ये करोनाच्या काट्याची खूण सांगणारी चिठ्ठी चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूच्या पाकिटातून येते. बायोनटेकमध्ये तोच निरोप चरबीच्या बारीक थेंबातून. पाकीट वेगळं, निरोप तोच. उलट पहिलं पाकीट शरीराच्या ओळखीचं झालं, तर दुसऱ्यांदा ते दारातच अडवलं जाऊ शकतं. स्पेनमध्ये या जोडीची रीतसर चाचणी झाली, प्रतिपिंडं चांगली वाढली. ऑक्सफर्डच्या चाचणीत ताप मात्र जास्त आला: मिसळलेल्यांत १०० पैकी ३४ जणांना, दोन्ही ॲस्ट्राझेनेका घेतलेल्यांत १० जणांना.

त्या चौतिसांत मी. एक रात्र १०१ होता, दंड ठणकत होता. आई, जावयांनी मऊ भात केला, तू पाठवलेलं मेतकूट होतंच. कपाळावर ओली पट्टी होती, पण तिला कोलन वॉटरचा वास नव्हता. शाळेत ट्रिपलचं इंजेक्शन झालं की तू रात्रभर उशाशी बसायचीस, आणि बाबा स्वतःच्या दंडावरचा देवीचा वण दाखवून म्हणायचे, "हा बघ, मी रडलो होतो का?" त्या रात्री तो वण फार आठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उठून धुणं लावलं. आता ठणठणीत आहे, शप्पथ.

मग तुम्हाला का ओरडले? कारण कोवॅक्सिनमध्ये चिठ्ठीच नाही, तिथे अख्खा मेलेला विषाणू आहे. कोविशील्डवर ती घेण्याची अशी चाचणी झालेली नाही. उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगरला वीस गावकऱ्यांना दिली गेली ती चुकून, ती बातमी तुम्हीच मला पाठवली होतीत. इथे ठरवून देतात, तिथे नियम दोन्ही डोस एकाच लसीचे असा आहे. आईचे दोन्ही कोवॅक्सिनचे झाले, म्हणून तुम्हीही तीच घ्यायची असं नसतं हो बाबा. हे काही लग्नातलं जोडीचं पातळ-उपरणं नाही.

तेव्हा ऐका. ३ एप्रिलच्या तुमच्या पहिल्या डोसपासून ८४ दिवस परवा शनिवारी भरतात. एखादा आठवडा इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही, सोळा आठवड्यांपर्यंत मुदत आहे. आधी फोन करून कोविशील्ड आहे का विचारायचं, मगच जायचं. उपाशीपोटी नाही. साखरेची गोळी चुकवायची नाही. आधार कार्ड आणि पहिल्या डोसचा कागद आईच्या पर्समध्ये, तुमच्या खिशात नको. टोचणाऱ्या मुलीला बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला सांगा, लाजू नका. ताप आला तर डोलो, आणि आई, त्यांना त्या दिवशी टाकी साफ करायला चढू देऊ नकोस.

रागावलात तर रागवा, पण रविवारचा फोन चुकवू नका.

तुमची,
चिऊ

ता. क. मेतकूट संपलंय.