आरोग्य शिबिरे प्रभागातील आरोग्य केंद्रांशी जोडावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जयंती, पुण्यतिथी, वाढदिवस किंवा गणेशोत्सव असे एखादे निमित्त साधून मोफत आरोग्य तपासणी शिबिर भरले नाही, असा रविवार जळगाव शहरात विरळाच. मंडप टाकला जातो, बीपी आणि शुगर तपासली जाते, जाड कागदावर आकडे लिहून दिले जातात आणि दुसऱ्या दिवशी सर्व दैनिकांत लाभार्थ्यांची संख्या छापून येते. शिबिरे घेणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र माझे आयुष्य औषधांच्या दुकानात गेले असल्यामुळे ती चिठ्ठी घेऊन नंतर काउंटरपाशी येऊन उभे राहणारे लोक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. चिठ्ठीवर रक्तदाब १७० वर १०० असल्याचे लिहिलेले असते, पण पुढे कोणत्या दवाखान्यात जायचे, कोणत्या वेळी जायचे आणि गोळ्या कुठे मोफत मिळतील, याबद्दल तिच्यावर एक अक्षरही नसते. मग तो माणूस शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मागतो, आठवडाभर खातो आणि बरे वाटू लागले की सोडून देतो.

शहरात साधने नाहीत, असे म्हणता येणार नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले असून जुन्या सिव्हिलच्या आवारात त्याचे रुग्णालय चालते. भुसावळच्या वाटेवर एक खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. रेडक्रॉस आणि माधवराव गोळवलकर या रक्तपेढ्या आहेत, कांताई नेत्रालय आहे, इंडियन मेडिकल असोसिएशनची शाखा आहे, रोटरीचे एकाहून अधिक क्लब आहेत. महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे आहेत आणि 'आपला दवाखाना' या राज्याच्या योजनेचीही त्यात भर पडली आहे. उणीव आहे ती यांना एकमेकांशी बांधणाऱ्या व्यवस्थेची. शिबिरात आढळलेला रुग्ण आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत येत नाही, खासगी डॉक्टरांकडचा रुग्ण महापालिकेला माहीत नसतो आणि सिव्हिलमधून घरी पाठवलेल्या रुग्णाची चौकशी करायला त्याच्या वस्तीतील आशाताईंना कोणी सांगत नाही.

ही व्यवस्था कागदावर मात्र कधीचीच तयार आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले. त्याच्या आराखड्यानुसार साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, २०० ते ५०० घरांमागे एक आशा आणि ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समिती असावी, आणि त्या समितीला वर्षाला ५ हजार रुपयांचा मुक्त निधी मिळावा, असे अपेक्षित आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती, म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही नऊ केंद्रे लागतात. शहर तेव्हापासून चारही दिशांना किती वाढले, हे पिंप्राळ्यात राहणाऱ्या मला कोणी सांगायला नको. दवाखाने आणि रुग्णालये चालविणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. त्यामुळे शिबिरे भरविणाऱ्या संस्थांनी उणीव भरून काढावी आणि महापालिकेच्या सतरा मजली इमारतीतून फक्त परवानगीचा कागद मिळावा, ही वाटणी मुळातच उलटी आहे.

रक्तदाब आणि मधुमेह या दोन आजारांत ही तुटलेली साखळी सर्वांत महाग पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, ही मोठीच सोय आहे. पण ती योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. हृदयाची अँजिओप्लास्टी तिच्यात बसते, पण ती वेळ टाळू शकणारी रक्तदाबावरची रोजची ॲम्लोडिपिनची गोळी बसत नाही. ती गोळी देण्याचे काम वस्तीतील आरोग्य केंद्राचे आहे आणि तिथे ती दरमहा, खंड न पडता मिळाली तरच तिचा उपयोग. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे आरंभीच घेतले गेले. ठरावीक औषधांचा एकच क्रम, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात नोंद आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढ्यावरच त्या उपक्रमाची भिस्त आहे. यात महागडे यंत्र एकही नाही. दर आठवड्याला रांगेत उभे राहावे लागले, तर रोजंदारीवर जाणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात येत नाही, ही गोष्ट औषधविक्रेत्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

वेळेचा प्रश्न तर खानदेशात वेगळाच आहे. औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल आणि चटईच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायका सकाळी घराबाहेर पडतात, तेव्हा दवाखाना उघडलेला नसतो. दुपारी जायचे म्हटले तर एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि त्या उन्हात तान्हे मूल घेऊन किंवा सांधे धरलेल्या सासूला घेऊन पायी कोण निघेल? नागरी आरोग्य अभियानाच्या मूळ आराखड्यात बाह्यरुग्ण सेवेसाठी दुपारी १२ ते रात्री ८ ही वेळ सुचविलेली आहे आणि 'आपला दवाखाना' योजनेतही दुपारनंतर रात्री दहापर्यंतची वेळ धरलेली आहे. हे आराखडे करणाऱ्यांनी कष्टकऱ्यांच्या दिवसाचा विचार केला होता, हे उघड आहे. तेव्हा निदान सायंकाळची ओपीडी कोणत्या केंद्रात, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत चालते, याचा ठळक फलक प्रत्येक प्रभागात लागावा. डॉक्टर अपुरे पडत असतील, तर आठवड्यातील एकेका संध्याकाळी मानधनावर बसण्यासाठी खासगी डॉक्टरांना रीतसर बोलावता येईल. शिबिरात रविवारची सकाळ विनामूल्य देणारे डॉक्टर या शहरात थोडे नाहीत.

क्षयरोगाच्या बाबतीत अशी भागीदारी आधीपासून अस्तित्वात आहे, म्हणून हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. खासगी डॉक्टरांनी क्षयरुग्णाची नोंद शासनाला कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि नोंद केल्याबद्दल त्यांना मानधनही मिळते. रुग्णाच्या आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट खात्यात येत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाले. त्याशिवाय २०२२ पासून नागरिक, संस्था आणि कारखाने 'निक्षय मित्र' होऊन रुग्णाला पोषण आहाराचा संच देऊ शकतात. खासगी डॉक्टर, शासनाची नोंद आणि समाजाची मदत हे तिन्ही एकाच रुग्णापाशी येऊन भेटतात, हे या रचनेचे मोल आहे. तीच रीत रक्तदाबाला आणि मधुमेहाला लावण्यात काय अडचण आहे, हे आरोग्य विभागाने सांगावे.

आणखी एका मोठ्या वर्गाकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. सातपुड्यातून, म्हणजे चोपडा, यावल, रावेरच्या वरच्या पाड्यांतून आणि नंदुरबार जिल्ह्यातून अनेक पावरा आणि भिल्ल कुटुंबे बांधकामासाठी व मजुरीसाठी शहरांत येतात. या समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे आणि त्यासाठीचे राष्ट्रीय निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी करून त्यांना कार्ड द्यावयाचे आहे. पाड्यावर तपासणी झालेला मुलगा बांधकामाच्या साइटवर अंगदुखीने तळमळू लागतो, तेव्हा शहरातील डॉक्टरने त्याच्याजवळ ते कार्ड आहे का, एवढे विचारले तरी पुढचा उपचार योग्य दिशेने जातो. पण शहरी शिबिरांत फक्त हिमोग्लोबिन पाहून लोहाच्या गोळ्या हातात दिल्या जातात. आदिवासी भागाचे काम तिकडचे आणि शहराचे इकडचे, ही विभागणी कार्यालयांच्या सोयीची असेल, पण आजार काही तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांकडून मला मोठी अपेक्षा आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने शिक्षणाच्या काळात काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा माग ठेवावा, असा उपक्रम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अभ्यासक्रमात आणला आहे. त्याचा भर खेड्यांवर आहे आणि तो योग्यही आहे, पण तांबापुरा किंवा हरिविठ्ठलनगर येथील घरे महाविद्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाचे प्रशिक्षणार्थी डॉक्टर आळीपाळीने या वस्त्यांच्या आरोग्य केंद्रांत बसू लागले, तर आशाताईंच्या नोंदवहीत लिहिलेली तिसाव्या वर्षापुढील माणसांची नावे नुसती नावे राहणार नाहीत.

कारखानदारांचेही एक काम आहे. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाचा निधी बहुतेक वेळा रुग्णवाहिका किंवा यंत्र भेट देण्यावर खर्च होतो, कारण त्याचे लोकार्पण करता येते. त्याऐवजी एका केंद्राच्या संध्याकाळच्या ओपीडीचा वर्षभराचा खर्च उचलला, तर फोटो फारसा चांगला येणार नाही, पण आपल्याच कामगारांच्या घरी औषध पोहोचेल.

महापालिकेकडे माझी मागणी अगदी मर्यादित आहे. शिबिराला परवानगी देताना आयोजकांनी त्या प्रभागातील आरोग्य केंद्राला आठवडाभर आधी कळवावे, केंद्राची परिचारिका किंवा आशाताई शिबिरात नोंदवही घेऊन बसाव्यात आणि आकडे वाढलेल्या प्रत्येक व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर केंद्राचे नाव, वेळ व पुढच्या भेटीची तारीख लिहिलेली असावी, एवढी अट घालावी. तीन महिन्यांनी त्यांपैकी किती जण केंद्रात आले, याचा आकडा केंद्राने आयोजकांनाही कळवावा. पुढच्या वर्षी त्याच मंडपात किती खुर्च्या मांडायच्या, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. शिबिरांच्या बातम्या आपण आवर्जून छापता. यापुढे 'शहरात आज'सारख्या सदरात शिबिराचे ठिकाण देताना, तपासणीनंतर रुग्णांनी कोणत्या आरोग्य केंद्रात जायचे हेही आयोजकांना विचारून छापावे, आणि त्यांच्याकडे उत्तर नसेल तर ती ओळ कोरी सोडावी.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधविक्रेता
पिंप्राळा, जळगाव