खेळाच्या सरांना, इतिहासाच्या बाईंकडून

आदरणीय सर,

तुमच्या निरोपाच्या दिवशी मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. सांगायचं होतं ते राहूनच गेलं. ते आज लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आठवीला इतिहास शिकवणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर तुम्हालाही आवडेल.

मी वर्गात प्रश्नमंजूषा घेत होते, तो तास तुम्हाला आठवत असेल. चार गट, फळ्यावर गुण, भरपूर आरडाओरडा. तास रंगला म्हणून मी खूश होते. व्हरांड्यातून बघत होतात तुम्ही. नंतर एवढंच विचारलंत, "बाई, यात कच्चे लिंबू किती?" मी मोजले. ४२ मुलांपैकी उत्तरं देत होती सहा-सात. बाकीची मुलं गटात होती, पण खेळात नव्हती. मैदानावर कच्च्या लिंबावर निदान राज्य तरी येत नाही म्हणून ते हसत पळतं. माझ्या वर्गातली मुलं नुसती बसून होती.

त्यानंतर तुम्ही तुमचे मोकळे तास मला दिलेत. कुणी सांगितलं नव्हतं, वेळापत्रकात नव्हतं.

दांडीयात्रेचा खेळ आपण मैदानावर मांडला तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी आखलं होतं ते सरळ होतं: एक गट चालणार, वाटेत प्रश्न, बरोबर उत्तर दिलं की पुढचा मुक्काम. तुम्ही विचारलंत, "वाटेतली गावं यांच्यामागे का येतील?" मी म्हटलं, नियमच तसा आहे. "नियम नको, कारण द्या." मग ठरलं की गावच्या मुलानं मिठाबद्दल एक खरं कारण सांगायचं, तरच रांगेत शिरायचं. समुद्र सगळ्यांचा, मग मीठ सरकारचंच कसं? गरिबालाही कर तेवढाच कसा? एक मुलगा म्हणाला, "आमच्या बैलांनासुद्धा मीठ लागतं." हे मी कधीच शिकवलं नव्हतं. तो घरून घेऊन आला होता.

आणि सरकारच्या गटासाठी तुम्ही जो नियम केलात, त्याला तोड नाही. दर मुक्कामाला सरकारनं ठरवायचं, पकडायचं की जाऊ द्यायचं. जाऊ दिलं तर रांग वाढणार. पकडलं तर मागच्या गावांतून नव्या रांगा निघणार. तिसऱ्या मुक्कामाला, वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी सरकारच्या गटातून जवळजवळ रडवेली होऊन म्हणाली, "बाई, म्हणजे काहीही केलं तरी आम्हीच हरणार?"

१२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी सुमारे ३८५ किलोमीटर चालत ५ एप्रिलला दांडीला पोचले, तोवर सरकारनं त्यांना हात का लावला नाही, हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेला घालायची. उत्तर म्हणून पुस्तकातल्या ओळी यायच्या. त्या मुलीच्या पोटात उत्तर आधी उतरलं, शब्द मागून आले. पुढे मे महिन्यात गांधीजींना पकडलं, तेव्हा धारासणेच्या मिठागरावरच्या सत्याग्रहासाठी अब्बास तय्यबजी पुढे आले, त्यांना पकडल्यावर सरोजिनी नायडू. हे सांगितलं तेव्हा मुलं एकमेकांकडे बघून माना डोलवत होती. नियम त्यांनी खेळून पाहिला होता.

एक चूकही तुम्हीच सावरलीत. त्या खेळानंतर मधल्या सुट्टीत सरकारच्या गटातल्या मुलांना बाकीचे "इंग्रज, इंग्रज" म्हणून चिडवू लागले. एकानं डबाच खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कबड्डीच्या रंगीत फिती आणल्यात. भूमिका घ्यायची ती फीत बांधून, अर्ध्या खेळानंतर बाजू बदलायच्या, आणि शेवटच्या शिट्टीला प्रत्येकानं स्वतःच्या हातानं फीत सोडून पेटीत टाकायची. पेटी बंद झाल्याशिवाय चर्चा सुरू नाही. इतकी साधी गोष्ट, पण त्यानंतर कुणाला चिडवणं झालं नाही. उलट, दोन्ही बाजूंनी खेळल्यामुळे मुलं जास्त चांगले प्रश्न विचारायला लागली.

संविधान सभेचं आव्हान आपण वर्गातच घेतलं. वर्गासाठी एकच नियम करायचा, सर्व गटांनी दुरुस्त्या सुचवायच्या, प्रत्येक दुरुस्तीवर बोलायचं, मग मत. दोन तास गेले, ११ दुरुस्त्या आल्या आणि नियम काही ठरेना. मुलं वैतागली होती. तेव्हा मी फळ्यावर लिहिलं: मसुद्यावर आलेल्या दुरुस्त्या ७,६३५, त्यांपैकी सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३. वर्गात एकदम शांतता. मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि आंबेडकरांनी सगळ्यांना उत्तरं दिली?" हे आकडे मी आधीही सांगत आले होते. पण ११ दुरुस्त्यांनी घाम फुटल्याशिवाय ७,६३५ म्हणजे किती, हे कळत नाही.

सगळ्यात मोठे आभार मात्र एका नकाराबद्दल. जालियनवाला बागेचाही खेळ करावा असं माझ्या मनात आलं होतं. अरुंद वाट, खडूनं आखलेलं मैदान, सगळं कागदावर काढून तुमच्याकडे आले. तुम्ही कागद पाहिलात, घडी घातलीत आणि परत दिलात. "बाई, ज्यात लोक मेले त्यात शिट्टी वाजवायची नाही." त्या दिवशी मी फक्त वाचून दाखवलं. १३ एप्रिल १९१९, १,६५० फैरी, सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ मृत्यू, आणि लोक म्हणत होते की मेलेले त्याहून कितीतरी जास्त. खेळाची सवय झालेल्या त्या वर्गात कुणी गट विचारले नाहीत, गुण विचारले नाहीत. फाळणीच्या धड्यालाही आता मी तसंच करते.

फितींची पेटी तुम्ही मला देऊन गेलात, ती इतिहासाच्या कपाटात ठेवली आहे. यंदाच्या मुलांना संस्थानांचं विलीनीकरण खेळायचं आहे. संस्थानं साडेपाचशेहून जास्त, मुलं ४४, आणि हैदराबादला कुठल्या गटात बसवायचं यावरूनच आत्तापासून वाद चालू आहे. मला दोन नियम सुचलेत, पण दोन्हींत पाच-सहा मुलं कच्चे लिंबू राहतात. रविवारी फोन करते, वहीपेन घेऊन बसा.

तुमची,
इतिहासाच्या बाई