बुट्टीखाली झाकलेला डाव

आदरणीय अज्जी,

सादर नमस्कार.

तुम्हाला मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची शाळा कन्नड, आणि तीही चौथीपर्यंतचीच. त्यामुळे हे पत्र मी तुमच्या कट्ट्यावर बसून तुम्हाला वाचून दाखवणारच आहे. तरीही ते चारचौघांत लिहितो आहे, कारण पावसात शाळा बंद असताना तुम्ही माझी मुले सांभाळलीत त्या पाच दिवसांत ज्यांनी दारे लावून घेतली त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती ते पडले तर मला वाईट वाटणार नाही. मनात अजून अढी आहे आणि ती लपवण्याचा माझा विचार नाही.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याला पाऊस नवा नाही. मी कणकुंबीच्या बसचा वाहक. जुलैमध्ये जांबोटीच्या पुढे गाडीच्या काचेतून रस्ता कमी आणि पाणीच जास्त दिसते, आणि हब्बनहट्टीचे मारुतीचे देऊळ मलप्रभा नदीच्या पाण्याखाली गेले की ती बातमी प्रत्येक थांब्यावर नव्याने गाडीत चढते. 2019 च्या ऑगस्टमधला महापूरही आपण पाहिला आहे. परंतु पाऊस बाहेर कितीही कोसळला तरी मोठ्या माणसाला छत्री घेऊन कामावर जाता येते. चार आणि सात वर्षांच्या मुलांना दोन खोल्यांत पाच दिवस कसे रमवायचे, हा प्रश्न त्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे मला यंदा कळले.

पत्नी वडिलांचा पाय मोडल्यामुळे चंदगडकडे माहेरी गेलेली होती आणि वाटेतल्या पुलावर पाणी आल्याने तिकडेच अडकली. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना आणि अंगणवाड्यांना सुट्टी दिली, जे योग्यच होते. मात्र ज्या पाळणाघराला मी दरमहा आगाऊ पैसे देत होतो, त्यांनीही पहिल्याच सकाळी ‘पाऊस आहे, पाठवू नका’ एवढा निरोप पाठवून फोन बंद केला. गावातल्याच एका जवळच्या नातलगाकडे विचारले, तर ‘आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, त्यात आणखी दोन मुले कुठे?’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एकाने सल्ला दिला की मोबाईल हातात द्यावा, म्हणजे मुले गप्प बसतात. खरे सांगायचे तर आदल्या दिवशी मी तेही करून पाहिले होते. वीज दुपारीच गेली, संध्याकाळपर्यंत मोबाईलही मेला, आणि त्यानंतर मुलाने गादीवरून उड्या मारायला आणि मुलीने वाऱ्याने पत्रा वाजला की किंचाळायला सुरुवात केली. खालच्या बिऱ्हाडातून वरच्या मजल्यावर काठीने ठोकून मुलांना आवरण्याची सूचना आली, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाच वाजता दोन मुलांना एका छत्रीखाली धरून मी गल्लीत उभा होतो. डेपोत जाऊन रजा मागावी की मुलांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून दिवसभर फिरवावे, याचा निर्णय होत नव्हता. तुम्ही दार उघडून उंबऱ्यावरचे पाणी खराट्याने लोटत होता. आपली ओळख तोपर्यंत मान हलवण्यापुरतीच होती. तुम्ही एकदा माझ्या गणवेशाकडे पाहिले, एकदा मुलांच्या ओल्या पायांकडे पाहिले, आणि म्हणालात, ‘बिट्टु होगप्पा.’ सोडून जा बाबा. नाव विचारले नाही, आई कुठे आहे ते विचारले नाही, किती वाजता परत येणार तेही विचारले नाही. मुलीने माझा पाय घट्ट धरला होता. तो तुम्ही सोडवला नाहीत, तर चुलीतली भाजलेली फणसाची आठळी तिच्या दुसऱ्या हातावर ठेवली, आणि ती गरम आठळी सांभाळायला तिला दोन्ही हात लागले. माझा पाय आपोआप सुटला.

दिवसभर काय काय झाले, ते मला संध्याकाळी मुलांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने समजत गेले. तुम्ही डब्यातून चिंचोके काढलेत आणि चार चिंचोके शहाबादी फरशीवर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासायला मुलाच्या हाती दिलेत. चिंचोका घासला की तापतो आणि दंडाला लावला की चटका बसतो, हा शोध त्याने स्वतःच लावला आणि मग तासभर घरात कोणालाही सोडले नाही. तुमच्या दंडावर तर सहा वेळा चटका दिला, असे तो अभिमानाने सांगत होता. नंतर खडूने पाच आडव्या आणि पाच उभ्या ओळींची 25 घरे आखली गेली, फुल्या मारल्या गेल्या आणि चौकाबारा सुरू झाला. मुलाला फुटक्या बांगड्यांचे तुकडे, मुलीला मक्याचे दाणे, तुम्हाला तुरीचे. चारही चिंचोके पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा टाकण्याची संधी. हे नियम मलाही माहीत होते, पण ते मुलांना शिकवावेत असे मला सात वर्षांत एकदाही सुचले नव्हते. माझी मुले आता सोंगटी ‘ओंदु, एरडु, मूरु’ अशी मोजतात. सीमाभागात भाषेवरून किती वर्षे काय काय चालले आहे, ते मी इथे लिहीत नाही. माझ्या मुलीला मात्र आठपर्यंतचे कन्नड आकडे हे केवळ जिंकण्याचे आकडे म्हणून माहीत आहेत.

याच मुलीने पहिल्या दिवशी सोंगटी मारली जाते म्हणून रडून गोंधळ घातला होता. चौकाबाऱ्यात दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही, आणि तिला कोणी मरायलाच नको होते. त्यावर तुम्ही सांगितलेत की सोंगटी मरत नाही, ती घरी जेवायला जाते आणि जेवून परत येते. त्यानंतर तिने दादाच्या सगळ्या सोंगट्या एकामागून एक जेवायला पाठवल्या.

मण्णेत्तिन अमावास्येला, म्हणजे मातीच्या बैलांच्या सणाला, केलेली बैलांची जोडी तुमच्या देवळीत होती, ती पाहून मुलांनी बैलांचा हट्ट धरला. खानापूरची माती भांड्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेली असली तरी अशा हवेत ती वाळत नाही, हे तुम्हाला माहीत होते. तरी तुम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेला गोळा काढून दिलात. मुलाचा बैल चार पायांवर उभा राहीना. चुलीशेजारी वाळायला ठेवला तर तासाभरात त्याचे पुढचे पाय वाकले आणि तो तोंडावर आला. माझ्या हातून मी तो मोडून पुन्हा केला असता. तुम्ही मागचेही पाय दुमडलेत, पोटाखाली घेतलेत आणि तो बसलेला बैल झाला. मुलगा म्हणतो, मुद्दामच बसलेला केला आहे, दिवसभर नांगरून दमला आहे. तो बैल आता आमच्या खिडकीत आहे आणि त्याची वशिंड उंदराच्या कानाएवढी आहे.

जुन्या दिनदर्शिकेच्या होड्यांचे श्रेय मात्र थोडे मलाही द्या. तुम्ही त्या उंबऱ्यावरून गटारीच्या पाण्यात सोडायला लावल्यात आणि सांगितलेत की हे पाणी मलप्रभेला जाते. त्यामुळे रोज रात्री ड्युटीवरून आल्यावर होडी कुठवर पोहोचली ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले, आणि वाहकाला याहून सोपे काम कोणते? पहिल्या दिवशी होडी एम. के. हुबळीला पोहोचली, नंतर मुनवळ्ळी, नंतर सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण. तिथे ती अडकली आहे. दरवाजे उघडले की पट्टदकल्लावरून कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळेल, असे मी सांगून ठेवले आहे. कंटाळलेल्या मुलांना खेळणी लागत नाहीत, उद्या पुढे काय होणार याची ओढ लागते, हे मला तुमच्या घरी समजले. आणि ते ज्या गोष्टीमुळे समजले, त्यासाठीच खरे तर हे पत्र आहे.

पहिल्या दिवशी मी साडेसातला परत आलो तेव्हा कंदिलाच्या उजेडात डाव ऐन रंगात होता आणि मुलगा उठायला तयार नव्हता. मी दमलेलो होतो. ‘उद्या नवा मांडू’ असे म्हणून मी वाकलो आणि सोंगट्या गोळा करायला हात घातला. तुम्ही माझे मनगट धरलेत. काही न बोलता आत गेलात, भाकरीची बांबूची बुट्टी रिकामी करून आणलीत आणि ती त्या डावावर पालथी घातलीत. मुलाला म्हणालात, ‘नाळे इल्लिंदले.’ उद्या इथूनच.

अज्जी, तुमचे घर म्हणजे पुढची एक खोली आणि मागे चूल. त्या खोलीतच तुमचे अंथरूण, त्यातच आजोबांची खुर्ची, आणि बरोबर मधोमध ती बुट्टी. तुम्ही रोज फरशी पुसणारी बाई. शेजारच्यांनी मला सांगितले की पाचही दिवस तुम्ही तेवढा चौकोन सोडून भोवतीची फरशी पुसलीत, आणि आजोबा रात्री उठले तर अंधारात त्यांचा पाय लागू नये म्हणून त्यांची काठी बुट्टीला आडवी टेकवून ठेवत होता. भाकऱ्या तेवढे दिवस ताटात झाकल्यात. दुसऱ्याच्या मुलांनी मांडलेला खेळ, त्यातही तुरीचे आणि मक्याचे दाणे, आपल्या झोपण्याच्या जागेत जसाच्या तसा राखून ठेवणे, हे कोणत्याही शुल्कात बसत नाही. पाळणाघरात भिंतीवर हत्ती आणि फुगे रंगवलेले आहेत. तिथे संध्याकाळी सहा वाजता सगळे कपाटात जाते आणि मुलेही दारात येऊन उभी राहतात.

दुसऱ्या पहाटे पावसाचा जोर आणखी वाढला होता. आदल्या दिवशी माझा पाय न सोडणारी मुलगी पाच वाजता स्वतः उठून बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, ‘आपली बुट्टी कुणी उचलली नसेल ना?’ आईची आठवण त्यानंतर निघाली आणि तीही रडत नाही, तर आई आली की तिला कोणत्या रंगाच्या सोंगट्या द्यायच्या, अशी. पत्रा त्या दिवशीही वाजत होता. तिने वर पाहिलेही नाही.

माणसाचा चांगुलपणा ओळखायला पूर यावा लागतो असे म्हणतात, पण मला ते पटत नाही. पुरात दोर टाकणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे फोटोही निघतात. मुलाचा अर्धा राहिलेला डाव मोडू नये, एवढे ज्याला जाणवते तो माणूस कोरड्या दिवसांतही तसाच असणार. आम्हीच दोन वर्षे शेजारी राहून नुसती मान हलवत गेलो. हा दोष माझा आहे, आणि तो मी इथे लिहून ठेवतो.

शेवटच्या दिवशी मी पाकीट पुढे केले तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात की द्यायचेच असेल तर चिंचोके आणून दे, माझे चार घासून संपले. जांबोटीच्या एका प्रवाशाकडे सांगून ठेवले आहे, शेरभर येतील. पत्नी परत आली आहे, तिला तुम्हाला भेटायचे आहे, आणि बेळगावहून कुंदा आणायचा की चुरमुरे-शेंगा, यावर आमच्या घरी अजून एकमत झालेले नाही. शाळा सुरू झाल्या आहेत, त्यामुळे मुले रविवारी सकाळी येतील. तोपर्यंत, गैरसोय होत असली तरी, कृपा करून बुट्टी उचलू नका. मुलाची शेवटची सोंगटी मधल्या घरापासून दोन घरांवर आहे आणि त्याला नेमके दोनच हवे आहेत.

आपला नम्र,
चार घरे पलीकडचा कंडक्टर